पाऊण इंच

थोरल्याचं डोकं सगळ्यात जास्त कधी फिरायचं, तर नवं गिऱ्हाईक दुकानात शिरून सरळ धाकट्याकडे जायचं तेव्हा. थोरला कापायच्या टेबलाशी उभा, गळ्यात टेप, हातात खडू, कानावर पेन्सिल. आता आणखी काय कपाळावर लिहून घ्यायचं माणसाने? तरी येणारा त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघायचा आणि मागे इस्त्री करत असलेल्या धाकट्याला म्हणायचा, "मास्तर, माप द्यायचं होतं."

"मास्तर ते," धाकटा इस्त्री उभी करून म्हणायचा. "माझे थोरले भाऊ."

"हो का? वाटत नाही हो."

हे 'वाटत नाही हो' थोरला वीस वर्षं ऐकत आला होता. दर वेळी तो हसायचा आणि दर वेळी वळून कापडावर खडू जरा जास्तच जोरात ओढायचा. त्रेचाळीस वर्षांचा माणूस, चौदाव्या वर्षापासून या टेबलाशी उभा, गावातल्या निम्म्या पाठी त्याला न मोजता माहीत. आणि उंची पाच फूट तीन इंच. धाकटा सहा वर्षांनी मागून आला आणि पाच फूट आठ इंचांवर जाऊन थांबला. बरं, भांडावं तर तेही जमेना, कारण धाकटा स्वभावाने गरीब. कधी उलट बोलणार नाही, कामाला नाही म्हणणार नाही. वाईट माणसाचा हेवा करणं सोपं असतं, निदान मागून चार शिव्या तरी देता येतात. चांगल्या माणसाचा हेवा करायचा म्हणजे स्वतःच्याच जिवाला घोर.

या सगळ्याच्या मुळाशी होता एक कोट.

तो कोट बाबांनी दुकान उघडलं त्या वर्षी स्वतःसाठी शिवला होता. गडद करड्या रंगाचा, जाड लोकरी कापडाचा, बाहीला बटणं नसलेला; बाबांना बाहीवरची बटणं म्हणजे फुकटचा नखरा वाटे. तो घालून दुकानाच्या दारात काढलेला त्यांचा फोटो आरशाच्या वर टांगलेला होता. थोरला तेरा वर्षांचा असताना त्याने एकदा हळूच तो कोट अंगात घातला. बाह्या बोटांच्याही खाली लोंबायला लागल्या. बाबांनी बघितलं, रागावले नाहीत. म्हणाले, "तुला झाला की तुझा."

बस, तेव्हापासून थोरला वाट बघत होता. दर वर्षी घालून बघायचा. बाह्या वर सरकत सरकत अंगठ्याच्या मधल्या पेरापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. खांदे छान बसत होते, छाती बसत होती, लांबी चालून गेली असती, पण बाही दीड इंच लांब ती लांबच. मग एक दिवस सतरा वर्षांच्या धाकट्याने गंमत म्हणून कोट चढवला. बाबा चष्मा वर करून बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, हा तर यालाच मापून शिवल्यासारखा झालाय." बाबा बोलले आणि विसरले. थोरल्याच्या मनात ते वाक्य काट्यासारखं मोडून बसलं.

बाह्या दीड इंच वर घेणं म्हणजे त्याला अर्ध्या तासाचं काम. जगभराच्या बाह्या त्याने वर घेतल्या होत्या. पण हा कोट दुरुस्त करून घालायचा म्हणजे आपण कमी पडलो हे स्वतःच्या हाताने शिवून घेणं, असं त्याला वाटे. त्याला कोट आपल्या मापाचा करायचा नव्हता, आपण कोटाच्या मापाचं व्हायचं होतं.

यंदा दुकानाला पन्नास वर्षं होणार होती. एक दिवस जेवताना बाबांनी सांगून टाकलं, "तसाच फोटो काढू, दारात उभं राहून. त्यात कोट पाहिजे. मला आता तो होत नाही, मी आटलो. तुम्हा दोघांत ज्याला नीट होईल त्याने घाला. पण कोटाला कात्री लावायची नाही, सांगून ठेवतो."

थोरल्याने हातातला घास परत ताटात ठेवला. हा निकालच झाला की. फोटो भिंतीवर लागणार, पुढची पन्नास वर्षं लोक तो बघणार, आणि कोटात कोण, तर धाकटा. शेजारी एक बुटका, गळ्यात टेप घातलेला. लोक विचारतील, हे कोण, कारागीर का?

फोटोला तीन महिने होते. थोरल्याने ठरवलं, उंची वाढवायची.

हसू नका. रोज माणसं मापणाऱ्या माणसाला इंच ही काही फार मोठी गोष्ट वाटत नाही. या हाताने त्याने मुलांच्या विजारी दर वर्षी दोन दोन इंच सोडल्या होत्या. मुलं वाढतात तर आपण थोडंसं का वाढू नये, आपल्याला कुठे पाच इंच हवेत? कुणीतरी एक पावडर सांगितली, डब्यावर जिराफाचं चित्र होतं. ती तो दुधातून घ्यायला लागला. दुकानाच्या मागच्या खोलीत कापडाचे तागे अडकवायला लोखंडी दांडी होती, तिला रोज दुपारी लोंबकळायला लागला. दांडीला हात पोचायला त्याला स्टूल लागे. धाकटा तिथले तागे उभ्या उभ्या काढायचा. हेही थोरल्याच्या डोळ्यांत खुपायचंच.

आठवडाभरात धाकट्याने त्याला पकडलं. दारातून आत आला तर दादा दांडीला लटकलेला, पाय हवेत, डोळे मिटलेले.

"दादा, काय करतोयस?"

"पाठ मोकळी करतोय. वाकून वाकून आखडलीये."

धाकट्याने दांडीकडे बघितलं, टेबलावरच्या जिराफाच्या डब्याकडे बघितलं आणि आल्या पावली परत गेला. दुसऱ्या दिवशी दांडीला दोन ठिकाणी मऊ चिंध्या गुंडाळलेल्या होत्या, हाताला रुतू नये म्हणून. दुसरा कुणी असता तर त्याला बरं वाटलं असतं. थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. लाडात आलाय मेला, म्हणे दादाचे हात दुखतील.

माप तो ट्रायल रूमच्या चौकटीवर घ्यायचा. पहिली खूण त्याने ठरवलं त्याच दिवशी संध्याकाळी, दुकान बंद करताना खडूने केली होती. त्यानंतर दर रविवारी सकाळी, उठल्या उठल्या घराच्या जिन्यावरून खाली दुकानात यायचं, चौकटीला टाचा लावायच्या, डोक्यावर लाकडी पट्टी ठेवायची आणि खूण करायची. मग कपाटातून कोट काढून घालायचा. पहिल्याच रविवारी खूण अर्धा इंच वर गेली. थोरल्याने टेप तीनदा लावून बघितला. अर्धा इंच. त्या दिवशी त्याने दोन शर्टांची कापणी गुणगुणत केली.

पण खरी मजा पुढे झाली. तिसऱ्या रविवारी कोट घातला आणि बाही अंगठ्यावर होती तिथून वर आलेली दिसली. फार नाही, पाव इंच. महिन्याने आणखी पाव. आता हा माणूस असा की दारातून आत येणाऱ्याच्या कोटाची कुठली बाही किती आखूड आहे हे पाय पुसता पुसता सांगेल. दुसऱ्या कुणाच्या अंगावर तो कोट असता तर त्याने एका नजरेत ओळखलं असतं. पण स्वतःचा हात आरशात बघताना त्याला फक्त अंगठा दिसत होता आणि अंगठा उघडा पडत चालला होता.

बायकोला सांगितलं तर ती भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "अहो, मला तर तुम्ही होता तेवढेच दिसता."

"तू रोज बघतेस म्हणून कळत नाही. पोर वाढतं ते आईला कळतं का?"

"कळतं की. विजार आखूड होते. तुमची कुठे झाली?"

"माझं पाठीत वाढतंय," असं काहीतरी पुटपुटून तो उठला.

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी चौकातल्या डॉक्टरीणबाई पांढऱ्या कोटाचं माप द्यायला आल्या. थोरल्याने माप घेता घेता सहज विचारल्यासारखं विचारलं, "एक गिऱ्हाईक विचारत होतं. चाळिशीनंतर उंची वाढते का हो?"

"नाही."

"थोडीशी?"

"थोडीशीही नाही," बाई म्हणाल्या. "हाडांच्या टोकाशी वाढीची एक मऊ पट्टी असते. वयात यायचं सरलं की ती पक्की होऊन हाडात मिसळून जाते. मुलींची आधी, मुलांची जरा मागून, अठरा-वीसपर्यंत बहुतेकांचं संपलेलं असतं. मग लोंबकळा नाहीतर डबे रिचवा. पुढे म्हातारपणी थोडी कमी मात्र होते."

बाबा आटले ते असे, हे थोरल्याच्या लक्षात आलं, पण तो हटला नाही. "पण त्याने मापलंय. अर्धा इंच भरला."

"कधी मापलं? सकाळी?"

"पहिलं संध्याकाळी. मग सकाळी."

बाई हसल्या. "सकाळी सगळेच अर्धा इंच उंच असतात. दिवसभर उभं राहून, बसून मणक्यांमधल्या गाद्या दबतात, झोपलं की पुन्हा फुगतात. त्या गिऱ्हाइकाला म्हणावं, मान वर करून चाला. वाकून काम करणारा असेल तर तेवढ्यानेच उंच दिसेल."

त्या संध्याकाळी थोरल्याने चौकटीला टाचा लावल्या. खूण पहिल्या खुणेवर बरोब्बर येऊन बसली, केसभरही वर नाही. तो बराच वेळ ती पट्टी डोक्यावर धरून उभा राहिला. मग त्याला कोट आठवला आणि जिवात जीव आला. गाद्या फुगतात तर पाठ वाढेल, हात कसा वाढेल? आणि बाही तर अर्धा इंच वर आली होती. डॉक्टरीणबाईंचं शास्त्र असेल मोठं, पण कोट कशाला खोटं बोलेल? दांडीला लोंबकळून हात लांबले असणार, दुसरं काय. शास्त्र शिकलेल्या बाईंना दांडीला लोंबकळायची वेळ कुठे आली होती?

फोटोच्या आधीच्या रविवारी बाही आणखी पाव इंच वर होती. एकूण पाऊण इंच झालं. अजून पाऊण हवं होतं आणि हातात दिवस उरले होते पाच.

त्याच दिवशी धाकट्याची बायको नवे काळे बूट घेऊन दुकानात आली. धाकट्याने ते पायात घालून बघितले, आरशासमोर उभा राहिला. आरशाच्या वर बाबांचा फोटो. तेच खांदे, तीच मान. बाबा खुर्चीतून बघत होते आणि तोंडभर हसत होते. थोरला काज करत होता, सुई बोटात गेली. म्हणजे यांचं ठरलेलंच आहे, तो मनात म्हणाला. आपण पाच दिवसांत पाऊण काय, सूतभरही वाढणार नाही आणि हा घोडा काही न करता कोटात जाऊन उभा राहणार. याने काय केलं हो त्यासाठी? नुसता वाढला. झाडंझुडपंही वाढतात.

तीन दिवसांनी दुपारी दुकान जेवायला बंद झालं, सगळे वर गेले. थोरला म्हणाला, "मला भूक नाही." दाराला आतून कडी घातली आणि कपाटातून कोट काढला.

बेत साधा होता. दोन्ही बाह्या पाऊण इंच वर घ्यायच्या. आपल्याला बरोबर बसेल आणि धाकट्याची मनगटं उघडी पडतील. बाबांची नजर अधू, पण मनगट उघडं पडलं तर त्यांना बोटांनी कळेल. कात्री लावायची नाही म्हणालेत, दुमडायचं नाही असं कुठे म्हणालेत? आणि पुढे वाढणारच आहोत तर पाऊण इंच आगाऊ घेतला तर कुणाचं काय गेलं? असं स्वतःला समजावत त्याने डाव्या बाहीचं टोक उलटं केलं आणि अस्तराची शिवण उसवायला बारीक कात्री आत घातली.

कात्री तिथेच थांबली.

टाके बाबांचे नव्हते. बाबांचे टाके बारीक आणि उजवीकडे कललेले. हे जरा मोठे होते आणि डावीकडे कललेले. त्याने अस्तर हलकेच उसवलं. आत कापड दुमडलेलं होतं. खालच्या बाजूला सुईच्या भोकांच्या दोन जुन्या ओळी, एकमेकींपासून पाव पाव इंचावर. म्हणजे आधी पाव इंच घेतलं, मग उसवून अर्धा, मग उसवून पाऊण. दुसरी बाही उलटी केली. तिथेही तेच.

या दुकानात डावरा एकच होता. त्याचे टाके थोरल्याने ओळखले नसते तर नवल, कारण त्या हाताला सुई धरायला त्यानेच शिकवलं होतं. धाकटा दहा वर्षांचा असताना बाबा त्याचा हात बदलायला बघत होते, पोरगं रडत होतं. तेव्हा थोरला त्याच्या समोर जाऊन बसला होता, आरशात बघितल्यासारखं. "मी करतो तसं बघ. माझा हा हात, तुझा तो." सगळा उन्हाळा दोघं समोरासमोर बसून चिंध्या तुरपत होते.

आधी थोरल्याला आला तो राग. तीन महिने आपल्याला खेळवलं. आपण दांडीला लटकतोय, दुधात भुकटी कालवतोय आणि हा शनिवारी मागे थांबून बाह्या वर चढवतोय, दादाला वाटावं आपण वाढतोय म्हणून. मग राग कुठेतरी विरघळून गेला आणि लाज उरली. त्याच्या हातात कात्री होती. जे करायला तो कडी लावून बसला होता तेच काम त्याच्या भावाने आधीच निम्मं करून ठेवलं होतं. काम तेच, कोट तोच, बाही तीच. एकाने दुसऱ्याला बसावा म्हणून केलं आणि दुसरा ते पहिल्याला बसू नये म्हणून करायला निघाला होता.

आणि खरं सांगायचं तर लाजेच्याही खाली पुन्हा तोच हेवा होता. यातही हाच वरचढ. आपल्याला हे का सुचलं नाही? आपण उंच असतो आणि हा ठेंगणा असता तर आपण याच्यासाठी शनिवारी मागे थांबलो असतो का? थोरल्याने प्रामाणिकपणे विचार केला. उत्तर त्याला आवडलं नाही.

त्याने सगळे टाके उसवले. ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवून घड्या मोडल्या आणि बाह्या बाबांच्या मूळ रेषेवर आणून पुन्हा तुरपल्या, इतक्या नीट की बाबांनाही फरक कळू नये.

फोटोच्या दिवशी सकाळी बाबा दाढी करून, खुर्ची दारात टाकून बसले होते. फोटोवाला रस्त्यावर तिवई मांडत होता. धाकट्याने कपाटातून कोट आणला आणि मागून उघडून धरला.

"दादा, घाल."

"ज्याला होईल त्याने घालायचा," थोरला म्हणाला. "तू घाल."

"आधी थोरल्याने," बाबा खुर्चीतून म्हणाले. "त्याला मी शब्द दिला होता. तेरा वर्षांचा होता तेव्हा."

तीस वर्षांत बाबांनी ती गोष्ट एकदाही काढली नव्हती. थोरल्याला वाटत होतं ते कधीच विसरून गेले. त्याने खाली बघत हात मागे केले. धाकट्याने कोट चढवला, खांदे नीट केले, कॉलर बसवली. थोरल्याने हात खाली सोडले. बाह्या अंगठ्याच्या मधल्या पेरापर्यंत आल्या.

धाकट्याचा चेहरा पडला. त्याने एक बाही चिमटीत धरली, आतून बोट फिरवलं आणि दादाकडे बघितलं.

"परवापासून पाऊण इंच कमी झालो बघ," थोरला हळू आवाजात म्हणाला.

"दादा, मी तुला हसण्यासाठी नव्हतं केलं."

"माहीत आहे. मी परवा कपाट उघडलं ते बाह्या वर घ्यायलाच. तुला आखूड व्हाव्यात म्हणून."

हे बोलायचं त्याने ठरवलं नव्हतं. ते तोंडातून निघालं आणि मग परत घेता येईना. धाकटा बाही तशीच धरून उभा राहिला. बाहेर फोटोवाला बाबांना हनुवटी वर करायला सांगत होता.

"किती घेणार होतास?" धाकट्याने विचारलं.

"पाऊण इंच."

धाकट्याने मनात बेरीज केली. शिंप्याचंच डोकं ते. "मग तुला बरोबर बसला असता की रे."

थोरल्याने कोट उतरवला आणि या वेळी त्याने धाकट्याच्या मागे धरला. कॉलर वरून नीट दिसेना तेव्हा पायाने स्टूल ओढलं आणि त्यावर चढला. कोट धाकट्याच्या अंगावर असा बसला की त्यात नाव ठेवायला टाकाभर जागा नव्हती. थोरल्याला जळलंच. ते काही एका दिवसात जाणार नव्हतं. पण कॉलरचा एक दोरा वर आला होता, तो त्याने दातांनी तोडला, पाठीवर हात फिरवून सुरकुती काढली आणि स्टुलावरून उतरून फोटोसाठी शेजारी जाऊन उभा राहिला.